पित्त असलं म्हणून व्यायाम का सोडायचा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरमध्ये आरोग्याच्या पानावर पोट कमी करायचे व्यायाम फोटोसकट येतात, आमच्या सकाळच्या रंकाळ्याच्या ग्रुपमधल्या बायका ते कापून कपाटाच्या दारावर चिकटवतात पण. पण आमच्यातल्या बऱ्याच जणींना वर्षानुवर्षं छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं असा त्रास आहे आणि फोटोतले व्यायाम सगळे पोट दुमडायचे, सिटअप्स, क्रंचेस नाहीतर झोपून दोन्ही पाय वर. चार दिवस करतात, घसा जळायला लागतो, की "मला व्यायाम सोसत नाही" म्हणून कायमचं बंद. हे बघून वाईट वाटतं म्हणून हे पत्र.

अन्ननलिका संपते आणि जठर सुरू होतं तिथं स्नायूची एक झडप असते, ती सैल असली आणि खालून पोटावर दाब आला की आम्ल वर येणारच. म्हणजे व्यायाम वाईट नाही, दाब वाईट. मी एका जिममध्ये जायचे तिथं ट्रेनरला सांगितलं की जळतंय, तर म्हणाला, "काकू, जळतंय म्हणजे चरबी जळतीय, थांबू नका." त्या पोराचा राग नाही मला, त्याला कुणी शिकवलंच नाही, पण फॉर्मवर वजन, उंची, बीपी, शुगर सगळं विचारतात मग अ‍ॅसिडिटी आहे का हा एक प्रश्न का नको?

आणि आम्हा बायकांचा खरा घोळ वेळेचा आहे. डबे झाले, पोरं गेली, दोन घास पोहे खाल्ले आणि चहा घेतला की लगेच योगा क्लास, कारण तेवढाच वेळ आपला असतो. पोट भरलेलं असताना वाकलं की जळजळ ठरलेली. जेवणानंतर दोन ते तीन तास जाऊ द्यायला पाहिजेत, म्हणून उठल्यावर घोटभर पाणी पिऊन आधी चालून यायचं आणि मग नाष्टा, हे सगळ्यात सोपं (शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी उपाशी जायच्या आधी डॉक्टरांना विचारावं). गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन फिरायला जाणारे पण बरेच आहेत, दुधानं घटकाभर गार वाटतं हे खरं, पण म्हशीच्या दुधातली साय पचायला वेळ घेते आणि नंतर आम्ल जास्तच सुटतं, त्यामुळं दूध नंतर प्या.

चालणं सगळ्यात चांगलं, अंग ताठ राहतं आणि पोटाला हिसका बसत नाही. पळण्यात हिसके बसतात म्हणून ज्यांना त्रास आहे त्यांनी भरभर चालावं नाहीतर सायकल घ्यावी, हँडलवर फार न वाकता. तालमीतल्या पोरांना पण सांगते, बैठका मारा, पण दंड मारताना डोकं खाली जातं तेव्हा घशाशी येत असेल तर भिंतीला हात टेकून मारा. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा. सर्वांगासन, हलासन, जोरजोरात कपालभाती, हे त्रास असेपर्यंत बाजूला ठेवा. त्याऐवजी ताठ बसून पोटानं सावकाश श्वास घ्या, छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा त्या झडपेच्या भोवतीच असतो आणि त्याला बळ आलं की झडपेला आधार मिळतो. आणि कमरेला काचणारी लेगिंग, पट्टा नको.

रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं झालं तर रात्री घशाशी येतं, झोप मोडते आणि सकाळी व्यायामाला उठावंसंच वाटत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन 15 ते 20 सेंटीमीटर उंच करा, नुसत्या उशा रचून उपयोग नाही कारण त्यानं पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपलं तर अजून बरं. गोळ्या मात्र मेडिकलमधून आपल्या मनानं वर्षानुवर्षं घेऊ नका, आणि गिळताना अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर थेट डॉक्टर.

एक गोष्ट फार काळजीनं सांगते. चालताना छातीत जळजळ किंवा दाब येतो आणि थांबलं की कमी होतो, घाम सुटतो, दुखणं हातात नाहीतर जबड्यात जातं, तर ते पित्त धरून चालू नका. आपल्याकडं लोक कोपऱ्यावरच्या गाडीवर सोडा पिऊन घरी येतात आणि झोपतात. सोडा नको, लगेच दवाखाना आणि ईसीजी.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की आरोग्याच्या पानावर एखाद्या पोटविकार तज्ज्ञांकडून पित्तवाल्यांसाठी व्यायाम लिहून घ्या, फोटोसकट, आणि जिमवाल्यांनी, योगा क्लासवाल्यांनी फॉर्मवर तो एक प्रश्न वाढवावा असं पण त्यात छापा. कपाटाच्या दारावर चिकटवायला जागा आहे अजून.

आपली एक वाचक,
कोल्हापूर