शाळाबाह्य मुलं मोजून झाली, आता त्यांच्याशी बोला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेची बातमी येते, आकडा छापून येतो आणि विषय तिथेच मिटतो. नागपूरजवळ कामठी-कन्हानकडच्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगडमधून उचल घेऊन येणाऱ्या कुटुंबांची मुलं त्या आकड्यात कधी असतात, कधी नसतात. दिवाळीनंतर येतात, मृगाच्या आधी निघून जातात.

शिक्षण हक्क कायद्यात (२००९) संदिग्ध काही नाही. मूल परराज्यातून आलं तरी दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि वयाला साजेशा वर्गातच बसवावं लागतं. भट्टीजवळच्या एका शाळेत मात्र या मुलांची नावं हजेरीपटाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेली पाहिली. बाईंचा दोष नाही. ऑनलाइन नोंद गावच्या शाळेत अडकलेली, शाईने लिहिलं तर पट जुळत नाही. खिचडी त्या सगळ्यांना वाढतात, हेही सांगायला हवं.

त्यांतली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी यायची बंद झाली. विचारायला गेलेल्यांना बापाने सांगितलं, "उसका मन नहीं लगता." कागदावर 'आवड नाही' एवढंच उतरलं असणार. ओळख वाढल्यावर आई बोलली. मजुरी हजार विटांमागे मिळते, नवरा-बायको दोघांनाही थापायला बसावं लागतं, मग तान्ह्याला कोण घेणार? त्या पोरीच्या शाळेची अडचण भट्टीवर पाळणाघर नसण्यात होती. एका भेटीत हे कोण सांगतं?

अमेरिकेत कॅरोला आणि मार्सेलो सुआरेझ-ओरोझ्को यांनी १९९७ पासून पाच वर्षं सुमारे ४०० स्थलांतरित मुलांचा पाठपुरावा केला. मुलांशी, पालकांशी, शिक्षकांशी पुन्हा पुन्हा बोलून. कित्येकांचे गुण काळाबरोबर घसरत गेले. शाळेत आधार देणारं माणूस असलं की फरक पडतो, हेही दिसलं. तिथलं स्थलांतर देशादेशांतलं, आपलं राज्याराज्यांतलं, पण पद्धत घ्यायला काय हरकत आहे?

नागपुरात बी.एड. आणि समाजकार्याच्या महाविद्यालयांना तोटा नाही. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं. त्यांतल्या काहींना एकाच भट्टीवरच्या मुलांकडे दिवाळी ते दिवाळी जाऊ द्या, ऐकलेलं लिहून ठेवू द्या. मुलं गावी परतली की तिकडेही पाठवा. रायपूर रेल्वेने काही तासांवर आहे. शोधमोहिमेच्या पुढच्या अर्जाचा नमुना या नोंदी वाचूनच ठरवावा, ही जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर