मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधल्या ग्रंथालयातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणतो. तुम्ही ओळखालच. आजोबांची पदवी शोधत बेळगाव जिल्ह्यातल्या, आता कर्नाटकात असलेल्या खानापूरहून आलेली आत्या, आणि तिच्याबरोबरचा मी.

आजोबा धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले. १९१७ साली निघालेलं ते कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, म्हणून बी.ए.ची पदवी मुंबईची. घरातला कागद वाळवीनं खाल्ला. आत्याला तो कुठल्या दाव्यासाठी नको होता. वडिलांचं नाव एकदा छापलेलं बघायचं होतं, बास. पण सीमाभागातल्या माणसानं जुना कागद मागितला की कचेऱ्यांना भलतंच काहीतरी ऐकू येतं. एका ठिकाणी म्हणाले, "१९५६ ला तुमचा जिल्हा गेला, कागद तिकडेच." तिकडे गेलो तर, "हे आमच्या आधीचं, आमच्याकडे कसं असेल?" एका साहेबांनी मान वर न करता पंच्याऐंशीच्या बाईला विचारलं, "आता कशाला हवंय?" गाडीत बसेपर्यंत आत्या एक शब्द बोलली नाही. मला अजून राग येतो.

तुम्ही 'कशाला' विचारलं नाहीत. कॉलेज कुठलं, साल साधारण कोणतं, एवढंच विचारलंत आणि विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरचा, म्हणजे वार्षिक माहितीग्रंथाचा, जाडजूड खंड आणून टेबलावर ठेवलात. कागद तपकिरी पडलेला, कडा हात लावला की झडणाऱ्या. पदवीधरांची यादी बारीक टायपात. तुम्हाला आजोबांचं नाव आधीच दिसलं होतं, ते तुमच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तरी तुम्ही त्यावर बोट ठेवलं नाहीत. पांढऱ्या कार्डाची पट्टी ओळीखाली धरलीत, एकेक ओळ खाली सरकवत गेलात आणि आत्याला तिच्या वेगानं वाचू दिलंत. नाव आलं ते तिच्याच तोंडून आलं. वडिलांचं पूर्ण नाव तिनं मोठ्यानं वाचलं, वाचनालयात असूनही, आणि तुम्ही तिला गप्प केलं नाहीत.

हे पत्र त्या पट्टीसाठी आहे, ताई. बाकी मदत कुणी नियमानंही केली असती.

मग आत्या डोळे पुसत बसली होती तेव्हा तुम्ही तिला या ग्रंथालयाची हकिकत सांगितलीत. कापसाच्या तेजीतले व्यापारी प्रेमचंद रायचंद, १८६४ साली ग्रंथालयासाठी त्यांनी दिलेले दोन लाख रुपये, नंतर आईच्या नावानं टॉवरसाठी आणखी दोन लाख, १८७८ ला पुरं झालेलं काम. त्या तेजीत आमच्या धारवाडकडचा कापूसही मुंबईला यायचा, हे ऐकून आत्या सावरून बसली. मग पोथ्या. भगवतसिंहजी संग्रह, भडकमकरांच्या स्मरणार्थ आलेला संग्रह, या दोन्ही संग्रहांची देवस्थळींनी केलेली आणि १९४४ साली छापलेली वर्णनात्मक सूची. अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची त्याआधीची, १९३५ ची. कुणी पैसा दिला, कुणी पोथ्या दिल्या, आणि कुणीतरी पान पान उलटून सगळ्याची नोंद केली. देणाऱ्यांची नावं राहतात, ती राहावीतच. पण दिलेलं सांभाळायला रोज कुणीतरी लागतं. आमच्याकडे १९४९ ला कर्नाटक विद्यापीठ झालं, पुढे राज्य बदललं, गावाच्या पाट्या बदलल्या. तुमच्या कपाटातलं खानापूरच्या पोराचं नाव मात्र जागचं हललं नाही, कारण तुमच्यासारख्यांनी ते हलू दिलं नाही. जिल्हा कुणाचा, हा प्रश्न तुमच्या टेबलावर निघालाच नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! एवढा साधा चांगुलपणा आम्हाला हल्ली कुठे भेटत नाही.

निघताना खंडाचं वर्ष आणि पान क्रमांक लिहून दिलेली चिठ्ठी आत्यानं देवघरात ठेवली आहे. तिचा निरोप आहे: सवडीनं खानापूरला या, दोन दिवस राहा. माळ्यावर आजोबांच्या पेटीत मोडीतली बाडं आहेत. ती कुठे द्यायची ते तुम्ही बघून सांगितल्याशिवाय आत्या कुणाला हात लावू देणार नाही.

आपला,
आत्याचा भाचा, खानापूर