जुना व्हिडिओ आणि माझ्या मुलाचा हात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नगरपरिषदेच्या इलेक्शनला आमच्या वॉर्डात दोन तरुण पोरं उभी होती, दोघंही पंचविशीच्या आतली. त्यातल्या एकाचा अकरावीतला व्हिडिओ, विसर्जनाच्या मिरवणुकीत दारू पिऊन नाचतानाचा, मतदानाच्या आधी चार दिवस सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता, मला एकटीलाच सहा जणांनी पाठवला. खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. सोळा वर्षांचं पोरगं चुकलं, घरच्यांनी झापलं असेल, विषय संपला.

दुसऱ्याबद्दल मात्र कोणीच काही बोलत नव्हतं. तो माझ्या मुलाच्या शाळेत दोन वर्षं पुढे. मुलगा आठवीत असताना याने आणि याच्या टोळक्याने त्याला ग्राउंडवर धरून मारलं, उजवा हात मोडला, सहा आठवडे प्लास्टर, सहामाही बुडाली आणि पुढे वर्षभर शाळेत जायचं म्हटलं की पोराच्या पोटात दुखायचं. शाळेने मिटवून टाकलं, आम्हीपण पोलिसात गेलो नाही, त्यामुळे त्याचं उमेदवारीचं ॲफिडेव्हिट कोरं, आणि व्हिडिओ तर नाहीच.

मी कायदा वाचला. 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 24 आहे, 18 च्या आत केलेल्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही, रेकॉर्डसुद्धा ठराविक काळाने नष्ट करतात. 16 च्या पुढच्या पोराने अतिगंभीर गुन्हा केला आणि कोर्टाने त्याला मोठ्यांसारखं धरलं तर ही सूट नाही. हे मला पटतं, पोरांना दुसरा चान्स मिळालाच पाहिजे. पण नगरसेवकाला वयाची अट 21 ची, म्हणजे लहानपण संपल्यावर फक्त 3 वर्षं. पन्नाशीच्या माणसाचं तीस वर्षांचं वागणं लोकांसमोर असतं, बावीसच्या पोराचं बघणार काय, शाळा-कॉलेजातलंच ना? मग बघा, पण त्यात दुसऱ्या कोणाला इजा झाली का आणि नंतर हा कसा वागला ते बघा.

स्कॉटलंडमध्ये 2015 ला मॅरी ब्लॅक 20 व्या वर्षी खासदार झाली, तिचे शाळकरी वयातले दारूचे, फुटबॉलचे, शिव्यांचे ट्वीट लोकांनी उकरून काढले होते, तरी पेझलीच्या लोकांनी माजी मंत्र्याला पाडून तिला निवडून दिलं. तिथे तरी कोणाचा हात मोडला नव्हता.

तो दुसरा प्रचाराला आमच्या दारात आला होता. पाया पडला, "काकू, लक्ष असू द्या" म्हणाला. मी विचारलं ओळखलंस का, तर "हो हो, ओळखलं की", आणि पत्रक हातात देऊन शेजारी गेला. माझा मुलगा कसा आहे एवढं जरी विचारलं असतं ना, सॉरी नको म्हटलं असतं मी.

मत मी त्या नाचणाऱ्या पोराला दिलं.

– एक आई, सातारा जिल्हा