आधी तिसरा आकडा बघा

ती. आई-बाबांस,
सा. न.

दोन्ही कॉम्प्युटरवर इंटरनेट झकास चालतंय, फक्त ते एकमेकांना दिसत नाहीत. म्हणजे मोडलेलं काही नाही. बाबा, तेवढ्यासाठी राउटर सारखा बंद-चालू करू नका. आणि तुम्ही शोधत असाल तो 'होमग्रुप', म्हणजे घरातले कॉम्प्युटर जोडायची जुनी सोय, विंडोजमधून २०१८ सालीच गेला, त्याचा नाद सोडा.

पहिलं काम, दोघे एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघायचं. दोन्हीकडे स्टार्ट दाबून इंग्रजीत सीएमडी टाइप करा, मग एंटर. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग, तेही इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता, पुन्हा एंटर. भराभर ओळी येतील, त्यातली फक्त 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' ही वाचा. मोठ्या कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.५ आणि लॅपटॉपवर १९२.१६८.१.९ असं काही असेल तर ठीक: पहिले तीन आकडे तेच, चौथा वेगळा. तिसरा आकडाच वेगळा निघाला तर बहुतेक वेळा घरात एकामागे एक दोन राउटर लागलेले असतात आणि दोघेही आपापले पत्ते वाटत बसतात. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असला तर तो लावा, म्हणजे पत्ते एकटा पहिलाच वाटेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडा, केबल असेल तर ती दोन्ही टोकांना नीट बसली आहे का बघा.

आई, तुझा लॅपटॉप 'गेस्ट' वायफायला तर जोडलेला नाही ना? गेस्टवर इंटरनेट मिळतं, पण घरातली बाकीची मशीन त्याच्यापासून मुद्दाम लपवलेली असतात. काही राउटरवर गेस्टचे आकडेही सारखेच येतात, म्हणून वायफायचं नावही वाच. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच वाटेने फिरवून नेणारं सॉफ्टवेअर, चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद कर.

आकडे जुळले तरी दिसत नसेल, तर माझा पहिला संशय नेटवर्कच्या 'पब्लिक' या सेटिंगवर. अनोळखी वायफाय म्हणजे स्टेशनवरचं फुकट वायफाय असं धरून विंडोज आपलं मशीन झाकून ठेवतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग जोडलेल्या वायफायच्या प्रॉपर्टीज. तिथे 'प्रायव्हेट' निवडा. केबलवाल्या मशीनला हेच 'इथरनेट' खाली सापडेल. मग अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटखालचं 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' दोन्ही चालू करा. हे दोन्ही कॉम्प्युटरवर करायचं. एकावर करून थांबलात तर गाडी तिथेच अडेल.

आता नेटवर्कच्या खिडकीतल्या चित्रांची वाट बघू नका, ती यादी भरायला वेळ लावते आणि कधी अर्धवटच भरते. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा टाका (\\) आणि लगेच समोरच्या मशीनचा पत्ता: \\१९२.१६८.१.५. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरचे. ही रेघ बऱ्याच कीबोर्डवर एंटरच्या डोक्यावर असते. प्रश्नचिन्हाबरोबरची रेघ दुसऱ्या बाजूला झुकते, ती चालत नाही. फोल्डर उघडले तर जोडणी चांगली आहे, फक्त समोरचं मशीन आपलं नाव पुकारत नाही. त्याच मशीनवर 'सर्व्हिसेस' उघडून 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' शोधा, ते 'ऑटोमॅटिक' करून 'स्टार्ट' दाबा.

काहीच उघडलं नाही तर ते मशीन झोपलं नाहीये ना ते बघा, मग अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी भिंत, तपासा. तिच्यातही हे घरचं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवावं लागतं.

नाव-पासवर्ड विचारला तर तो समोरच्या मशीनचा द्यायचा, स्वतःच्या नव्हे. चार आकडी पिन इथे चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पूर्ण पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. बाबा, तुमचं खातं तसंच असेल तर त्याला पासवर्ड लावा, कंटाळा करू नका.

कोणी 'एसएमबी१ चालू करा' (फाइल शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) असं सांगेल, ते अजिबात ऐकू नका. २०१७ साली वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून, आणि तुमच्या दोन मशीनना तिची गरजही नाही.

सगळं जमलं आणि काही दिवसांनी पुन्हा बिघडलं, तर राउटरने बहुधा पत्ता बदललेला असेल. आयपीकॉन्फिग पुन्हा करून नवा आकडा घ्या. हे वारंवार व्हायला लागलं तर राउटरमध्ये मोठ्या कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. त्यासाठी मला फोन करा, आणि आई, तेव्हा राउटरच्या तळाला चिकटवलेला कागद वाचायला चष्मा जवळ ठेव.

तुमची,
धाकटी