मराठी मजकुराची ओळ कशी मोजावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या मुलांना साध्या मजकुराच्या ओळी ठरावीक रुंदीत बसवण्याचा प्रोग्रॅम लिहायला देतात, हे योग्यच आहे. मात्र ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील मुलांनाही त्यासाठी इंग्रजी उताराच मिळतो आणि या कामातील खरी मेख त्यांच्यापुढे येतच नाही.

इंग्रजीत काम सरळ आहे. एकेक शब्द उचलावा, चालू ओळीत मावला तर ठेवावा, न मावल्यास नवी ओळ धरावी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘टेक्स्टरॅप’ ही तयार सोय हेच करते आणि रुंदी न सांगितल्यास ७० चिन्हे धरते. मराठीत आधी लांबी कशाने मोजायची हे ठरवावे लागते. आमच्या शहराचेच नाव पाहा. ‘ग्वाल्हेर’ ही डोळ्यांना तीन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिपीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हलन्त (व्यंजनाचा पाय मोडणारे चिन्ह) आणि मात्रा ही स्वतंत्र चिन्हे असल्याने पायथन या नावाची लांबी ९ सांगते, तर ती चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (संगणकाच्या साठवणीचे एकक) घेत असल्याने सी भाषेतील बाइट मोजणारे ‘स्ट्रलेन’ २७ सांगते. बाइट मोजून तोडलेल्या मराठी ओळी म्हणूनच आखूड पडतात, आणि चिन्हाच्या मधोमध तोडल्यास अक्षराच्या जागी नुसते चौकोन उरतात. पायथन चिन्ह फोडत नाही, पण रुंदीपेक्षा लांब शब्द आला की जोडाक्षर फोडून हलन्त एका ओळीत आणि पुढचे व्यंजन दुसऱ्या ओळीत टाकू शकते.

उपाय शाळकरी मुलालाही जमेल असा आहे: मात्रा, अनुस्वार व हलन्त शून्य धरावेत, हलन्तानंतरचे व्यंजनही शून्य धरावे, बाकी प्रत्येक चिन्ह एक. ‘ल्हे’ला ‘र’पेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे हे माप ढोबळ आहे, पहिल्या प्रोग्रॅमला तेवढे चालावे.

मराठी उतारा दिल्यास आणखी एक गोष्ट आपसूक पुढे येते. परिच्छेद नीट भरण्यासाठी जुन्या ओळी आधी जोडून घ्याव्या लागतात, आणि मध्येच एखादा अभंग आला तर त्याचे चरणही गद्यात मिसळून जातात. रिकाम्या ओळीने परिच्छेद संपतो हा नियम येथे पुरत नाही; समासापासून आत सरकवलेल्या ओळींना हात लावू नये, असे प्रोग्रॅमला वेगळे सांगावे लागते. शिकवणी वर्गांनी पुढच्या सत्रापासून निदान एक उतारा असा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ग्वाल्हेर