खापऱ्या देणाऱ्या हातांना

२०१२ च्या पहिल्या कोची-मुझिरिस बिनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, कलाकार विवान सुंदरम यांनी केरळातल्या पट्टणम गावच्या उत्खननातल्या टाकून दिलेल्या खापऱ्यांमधून एक हरवलेलं शहर मांडलं होतं. मी त्याचे फक्त फोटो पाहिले आहेत. पण ते पाहिल्यापासून फुटकं मडकं मला कचरा वाटेनासं झालं, आणि शेवटच्या वर्षाच्या कामासाठी मी धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन उभी राहिले.

ज्या काकांनी भट्टीत तडकलेली मडकी पोत्यात भरून दिली, त्यांनी पैसे घेतले नाहीत. वर बोटाने टिचकी मारून दाखवलं : पक्क्या मडक्याचा नाद वेगळा, चीर गेलेल्याचा वेगळा. माझं सगळं काम तिथेच बदललं. नुसती मांडणी करायची होती. मग मी खापऱ्या दोऱ्यांना टांगल्या, येणाऱ्याने त्या वाजवाव्यात म्हणून. काका, हे तुमचं देणं आहे.

टेम्पोवाल्या दादांनी पाचही पोती तिसऱ्या मजल्यावर चढवून दिली. रात्री हॉलचं दार उघडं ठेवून बसलेले वॉचमन मामा, आणि बोट कापलं तेव्हा आपली ओढणी फाडून बांधणारी ती अनोळखी ताई, तुमचीही मी फार ऋणी आहे.

प्रदर्शनात एक आजी बराच वेळ एकच खापरी वाजवत होत्या. “आमच्या माठाचा आवाज,” म्हणाल्या. आजी, ती खापरी मी तुमच्यासाठी काढून ठेवली आहे.