बोन्सायवरची खवले कीड साबणाच्या पाण्याने का जात नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

झाडाच्या फांद्यांवर तपकिरी पुटकुळ्या दिसल्या की बागकामाच्या सदरांतून हमखास एकच उपाय सांगितला जातो : ‘साबणाचे पाणी फवारा.’ बोन्सायच्या बाबतीत हा सल्ला बहुधा वाया जातो. या पुटकुळ्या बहुधा झाडाला चिकटून रस शोषणाऱ्या खवले किडीच्या असतात. पूर्ण वाढलेल्या किडीच्या पाठीवर कवच असते. पाणी त्यावरून ओघळते आणि थेट कुंडीत उतरते. कुंडीत माती ती किती! कीड शाबूत राहते आणि त्रास मुळांना होतो.

मुळात ती पुटकुळी कीडच आहे का, हे आधी पाहावे. फायकसच्या (वड-पिंपळाच्या जातीतल्या झाडांच्या) सालीवर श्वसनरंध्रांचे फिकट उंचवटे असतातच. ते खवले समजून खरवडणारे कमी नाहीत. नख लावून बघा. कीड असेल तर खवला सालीपासून अलगद सुटतो, खालची साल अखंड राहते. उंचवटा मात्र सालीचाच भाग असतो, तो सुटत नाही.

कीड ठरली की तिचा प्रकार ओळखावा, कारण पुढचे औषध त्यावर ठरते. मऊ कवचाची खवले कीड साधारण ३ ते ६ मिलिमीटर, फुगीर असते आणि तिचे कवच अंगापासून वेगळे होत नाही. ती झाडाच्या रसवाहिन्यांतून रस शोषते आणि जादा साखर चिकट द्रावाच्या रूपाने बाहेर टाकते. पाने चिकट लागणे, त्यांवर काजळी धरणे, मुंग्यांची ये-जा ही सगळी तिची लक्षणे. कठीण कवचाची कीड लहान, १ ते ३ मिलिमीटर, चपटी असते. टाचणीने कवच उचलले तर खाली वेगळा पिवळसर किडा दिसतो. ती रसवाहिनीत नव्हे, पेशींमध्ये सोंड खुपसते, त्यामुळे चिकटपणा नसतो. म्हणूनच ती उशिरा लक्षात येते, बरेचदा फांदी वाळू लागल्यावर.

बोन्साय आकाराने लहान, ही इथे जमेची बाजू. आंब्याचे झाड हाताने साफ करता येत नाही, बोन्साय येते, आणि खरे काम तिथेच होते. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून प्रत्येक खवल्याला लावावी, मिनिटभराने मऊ ब्रशने किंवा बांबूच्या टूथपिकने तो काढावा. चाकू नको. जुन्या सालीचा पोत यायला वर्षे लागतात, तो एका ओरखड्याने जातो. पानांची मागची बाजू, मधली शीर, फांद्यांच्या बेचक्या आणि विशेषतः फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेल्या तारेखालची जागा तपासावी. बांधलेली तार हा किडीचा आवडता आडोसा. प्रादुर्भाव मोठा असेल तर तार कापून काढलेलीच बरी. फायकस जोमात असेल तर देठ राखून सगळी पाने कापता येतात, पानांवरची कीड त्यांच्याबरोबर जाते. अशक्त झाडावर हे करू नये. पाइन, ज्युनिपर अशा सूचिपर्णी झाडांवर तर कधीच नाही.

हाताने कितीही साफ केले तरी अंडी आणि पिल्ले उरतात. फवारणी आहे ती या पिल्लांसाठी. अंड्यातून निघालेले पिल्लू धुळीच्या कणाएवढे असते. ते काही काळ रांगते, मग जागा धरून सोंड रोवते आणि कवच बनवू लागते. औषध लागू पडते ते या रांगण्याच्या दिवसांत. ते दिवस ओळखायला फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. पिवळे-नारिंगी ठिपके चालताना दिसले की फवारणी सुरू करावी. मादीच्या कवचाखालची अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून ७ ते १० दिवसांच्या अंतराने ३-४ फवारण्या लागतात. एकीवर थांबले की महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या.

एक लिटर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रव साबण पुरतो. तेल आणि साबण आधी थोड्या कोमट पाण्यात घोटावे, मग उरलेले पाणी घालावे. नाहीतर तेल वर तरंगते, शेवटच्या फवाऱ्यात एकदम येते आणि पाने जळतात. द्रावण त्याच दिवशी वापरावे, संध्याकाळी फवारावे. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, माती कोरडी असेल किंवा नुकतीच मुळांची छाटणी झाली असेल तर थांबावे. कुंडीवर प्लास्टिक अंथरून खोडाभोवती कापड गुंडाळावे आणि झाड तिरके धरावे, म्हणजे मुळे आणि मातीवरचे शेवाळ दोन्ही वाचतात. जेड आणि निळसर ज्युनिपरच्या पानांवरचा मेणाचा थर तेलाने जातो. मेपलही नाजूक. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस पाहावे.

इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध मातीत घातले तर मऊ कवचाची कीड मरते, कारण ते रसवाहिनीतून तिच्या पोटात जाते. कठीण कवचाची त्या वाटेला फिरकतच नाही, म्हणून तिच्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. मात्रा लेबलवर दिली असेल तेवढीच. फुलणाऱ्या झाडाला ते देऊ नये, मधमाश्या मरतात. जहाल कीटकनाशकांची सरसकट फवारणी तर उलटते : खवले कीड खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आणि खवले किडीत अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आधी मरतात, कवचाआडची कीड मागे उरते. कवचावर गोल भोक दिसले तर समजावे, या माश्या कामावर आहेत. तिथे फवारणी लांबवावी.

मुंग्यांचा बंदोबस्त औषधाइतकाच महत्त्वाचा. चिकट द्रावासाठी त्या किडीची राखण करतात, मित्रकीटकांना हुसकावतात. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत आणि बाहेर लोंबणारी एकही फांदी भिंतीला टेकू देऊ नये. नत्रयुक्त खताचा हातही आवरावा, कोवळी लुसलुशीत वाढ किडीला फावते.

उपचारानंतर खवले झाडावर तसेच दिसतात, म्हणून अनेक जण घाबरून औषधाची मात्रा वाढवतात. मेलेली कीड आपोआप गळतेच असे नाही. टाचणीने चार-पाच खवले दाबून पाहावेत. ओल आली तर कीड जिवंत. कोरडा भुसा निघाला तर काम झाले, उरलेले ब्रशने काढून टाकावे.

आपला,
एक बोन्सायप्रेमी वाचक